पावसाची वही : सात मुलं, एक छप्पर आणि आषाढातला आठवडा

प्रकल्पाबद्दल थोडं

आपल्या छपरावर पाऊस किती पडतो आणि त्यातला किती धरून ठेवता येईल, एवढाच प्रश्न. विहिरीची पायवाट पावसाळ्यात निसरडी होते, पाणीही गढूळ येतं. गोठा आणि न्हाणीघर यांच्यापुरतं तरी पागोळ्यांचं पाणी वापरावं, असं भावोजींच्या मनात उन्हाळ्यापासून आहे. 'पावसाची वही' हे नाव मुलांनी ठेवलं.

घर रत्नागिरी जिल्ह्यात, देवरुखपासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी. माणसं बारा: सासूबाई, आम्ही दोघी जावा, दोघे भाऊ आणि सात मुलं. एकही मूल शाळेत जात नाही. नावं लिहीत नाही, हाकेची पुरेत. दादा (१५), ताई (१३), जुळ्या (१०), बंड्या (८), छकुली (६), शेंडेफळ (३). दादा, जुळ्या आणि शेंडेफळ माझे. ताई, बंड्या, छकुली जाऊबाईंचे. एरवी हा फरक घरात कुणी करत नाही, पण या आठवड्यात एका गोष्टीपायी करावा लागला, म्हणून लिहून ठेवते.

सोमवार, ७ जुलै

काल आषाढी. 'एकादशी, दुप्पट खाशी' झाल्यामुळे साबुदाण्याचा डबा रिकामा. आज पारणं: वरणभात, भारंगीची भाजी, तांदळाच्या भाकऱ्या. बारा माणसांच्या भाकऱ्या थापायला मला तास लागतो आणि तोच आमचा पाढ्यांचा तास. मी तव्यापाशी, मुलं चुलीच्या उबेला, आणि आई (सासूबाई) तांदूळ निवडता निवडता पावकी-निमकी (पावाचे आणि अर्ध्याचे पाढे) म्हणून घेतात. पुस्तकांतून पावकी कधीच गेली. आईंच्या तोंडून अजून गेलेली नाही.

घरशाळा म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर सात टेबलं, सात खुर्च्या आणि हातात छडी घेतलेली मी येते. आमच्याकडे बसून काम सकाळी दोन तास, तेही सगळ्यांचं एकाच वेळी नाही. दुपारी वाचन. बाकी दिवस घरकाम, शेत, गोठा आणि भांडणं यांत जातो. पुस्तकं बालभारतीची, ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घेता येतात, पण आषाढात नेटचा भरवसा नाही, म्हणून मे महिन्यातच छापून ठेवतो.

दुपारी पर्जन्यमापक केले. जुळ्यांनी दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवला, म्हणजे झाले नरसाळे. तळ सपाट नव्हता, पाच फुगवटे होते. त्यात खडे भरून वर सिमेंटचा हात दिला आणि जिथून बाटलीची भिंत सरळ उभी सुरू होते तिथे रेघ मारून शून्य मांडला. "शून्य तळाला असतो," हा छकुलीचा आग्रह. दोघी जुळ्यांनी तिला समजावायचा प्रयत्न केला, मग कंटाळून ताईला हाक मारली. ताईने बाटलीत पेलाभर पाणी ओतलं आणि फुगवट्यांत पाणी कसं वाकडंतिकडं चढतं ते दाखवलं. छकुली गप्प.

बंड्याने स्वतंत्र संसार थाटला. तेलाची जुनी बाटली, त्यावर रॉकेलचं मोठं नरसाळं. "माझ्यात जास्त पाऊस येणार," असं जाहीर करून त्याने ती फणसापासून लांब, कुंपणाच्या खांबाला बांधली. जागा त्याने उत्तम निवडली, हे मान्य करावंच लागेल. झाडाखाली ठेवली असती तर पानांवरून टपकणारं पाणीच मोजलं गेलं असतं.

बाटल्यांचं रोजचं वाचन सकाळी साडेआठला घ्यायचं ठरलं. देशभरात वेधशाळेचं चोवीस तासांच्या पावसाचं मोजमाप याच वेळी होतं. वहीत दोन रकाने आखले: पावसाला वेधशाळेने दिलेलं नाव आणि आजीने दिलेलं नाव. वेधशाळेच्या हिशेबाने चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. आजीच्या हिशेबाने सध्या पुनर्वसू नक्षत्र, म्हणजे तरणा पाऊस. पुष्य लागलं की म्हातारा, मघेत सासूचा, पूर्वात सुनांचा. सासूचा आणि सुनांचा यांत जोरदार कोणता, यावर जेवताना बरीच चर्चा झाली. आम्ही जावा त्यात पडलो नाही.

मंगळवार, ८ जुलै

पहिलं वाचन, काल दुपारनंतरचं, म्हणजे अर्धवट दिवसाचं. जुळ्यांची बाटली: ४८ मिलिमीटर. बंड्याची: १०७.

बंड्या अंगणात नाचला. जुळ्यांचं म्हणणं, माप चुकलंय. बंड्याचं म्हणणं, कुंपणापाशी जास्त पडला. मधलं अंतर पंचवीस पावलं. दादाला उत्तर माहीत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं; त्याला खुणेनेच गप्प बसवलं. आमच्या घरात मोठ्यांनी उत्तर न सांगणं हे सगळ्यात अवघड शिस्तीचं काम आहे.

पुढचा तासभर मी काही केलं नाही, फक्त ऐकत होते. धाकट्या जुळीने बंड्याचं नरसाळं बाटलीवर धरून पाहिलं आणि म्हणाली, "याचं तोंड मोठंय, पोट बारीक आहे." थोरलीने मोजलं: नरसाळ्याचा व्यास १५ सेंटिमीटर, बाटलीचा १०. दीडपट. मग पाणी दीडपट यायला हवं, ४८ चं ७२. पण आलंय १०७. इथे दोघी अडकल्या आणि बंड्या पुन्हा नाचायला लागला.

ताईने त्यांना चौकटीच्या वहीचे कागद जोडून दिले आणि म्हणाली, "दोन्ही तोंडं काढा आणि चौकटी मोजा." बंड्यानेच मोजल्या, अर्ध्याहून जास्त चौकट आत असेल तर एक धरायची, कमी असेल तर सोडायची. मोठं वर्तुळ १७७, लहान ७९. भागाकार दादाने घातला: २.२४. आई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सव्वादोन. अठ्ठेचाळीस दुणे शहाण्णव, अठ्ठेचाळीसाची पावकी बारा. एकशे आठ." जुळ्यांनी वहीतला १०७ पाहिला, आजीकडे पाहिलं. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र अजून कुणी उच्चारलेलं नाही आणि मीही घाई करणार नाही. दीडपट तोंडाने सव्वादोनपट पाणी का येतं, हे बंड्याने स्वतःच्या बोटांनी मोजलंय.

बंड्याची बाटली रद्द करायची नाही असं ठरलं. येईल त्याला सव्वादोनाने भागायचं. त्यामुळे आता रोज सकाळी त्याला भागाकार करावा लागेल. हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

बुधवार, ९ जुलै

वाचन: ७१. बंड्याचं १५८, भागून ७०. वेधशाळा: मुसळधार. आजी: "तरणा रंगात आलाय."

लावणी. आज कुणीही वही उघडणार नव्हतं. वाडीतल्या बायका आल्या. परवा आम्ही त्यांच्याकडे जाणार. भावोजींनी एकच खाचर चारसूत्री पद्धतीने लावायचं ठरवलंय. डॉ. ना. कृ. सावंत यांनी कोकणातल्या भातासाठी मांडलेली ही रीत: दोरीवर एकाआड एक १५ आणि २५ सेंटिमीटरवर खुणा करायच्या, दोरी ताणून खुणेवर चूड (रोपांचा झुपका) लावायचा, ओळींतही तेच अंतर. म्हणजे चार चुडांचा एक छोटा चौकोन, मग मोकळी वाट, पुन्हा चौकोन. प्रत्येक छोट्या चौकोनाच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोचायची. खत फेकलं की निम्मं पाण्याबरोबर जातं, खोचलेलं मुळाशी राहतं.

दोरीवरच्या खुणा काल रात्री जुळ्यांनी लाल रंगाने केल्या होत्या. आज भावोजींनी बांधावरूनच विचारलं, "गुंठ्याला गोळ्या किती लागतील गं?" दोघींनी चिखलातच उभ्याने गणित केलं. १५ आणि २५ मिळून ४०. ४० बाय ४० च्या तुकड्यात चार चूड, एक गोळी. मीटर बाय मीटरमध्ये असे तुकडे सव्वासहा. शंभर चौरस मीटरला ६२५ गोळ्या, गुंठा त्याहून किंचित मोठा. गोळी २.७ ग्रॅमची, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. भावोजी म्हणाले, "पिशवीवर हेच लिहिलंय." जुळ्या चिडल्या. "मग विचारलंत कशाला?"

बाकी खाचरं नेहमीसारखी. बायकांना दोरीचं कौतुक नाही. त्या तेवढ्या वेळात दोन खाचरं पुढे गेल्या होत्या आणि दोरीवाल्यांची टिंगल करून झाली होती. शेंडेफळ इरल्याखाली बसून तरव्याच्या मुठी मोजत होतं: एक, दोन, पाच, दहा.

संध्याकाळी जाऊबाई भांडी घासताना म्हणाल्या, "वहिनी, ताईचं आठवीचं गणित उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही या आठवड्यात." मी म्हटलं, लावणी आहे. त्या म्हणाल्या, "मागल्या आठवड्यात लावणी नव्हती." पुढे बोलल्या नाहीत. त्या कमी बोलतात, म्हणून मला रात्री झोप लागेना.

गुरुवार, १० जुलै

वाचन: ११८. अति मुसळधार. छकुलीने वहीत स्वतःच्या हाताने 'अती' लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाचं पुढे पाहू.

पहाटेपासून लाइट नाही. ओढा भरून वाहतोय, पलीकडे जाणं बंद. अशा दिवशी गावातल्या शाळेला सुट्टी मिळते आणि आमची मुलं आम्हीही सुट्टी घेणार म्हणून अडून बसतात. कशाची सुट्टी, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आज गुरुपौर्णिमा. आईंनी पाटावर फूल ठेवायला लावलं. कुणाला नमस्कार करायचा, यावर घोळ झाला. जुळ्यांनी आजीला केला, पावकीसाठी. दादाने भावोजींना केला, पंपाची मोटर खोलायला त्यांनी शिकवली म्हणून. छकुली सरळ ताईपाशी गेली आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. तिच्यामागून बंड्या, बंड्यामागून शेंडेफळ. सगळे हसले. ताई हसली नाही.

दुपारी छपराचा हिशेब. घर १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. जुळ्यांनी आतून वाशाच्या कडेने टेप लावून उतार मोजला, तो एका बाजूला ४.२ मीटर. मग छप्पर किती? जमिनीवरून मोजलं तर ८४ चौरस मीटर, कौलांवरून मोजलं तर शंभराच्या वर. पाऊस कौलांवर पडतो, मग शंभर धरायला हवं, असं बहुमत झालं. दादासुद्धा घोटाळला.

ताईने माळ्यावर बंड्याला बॅटरी घेऊन बसवलं, उजेड सरळ खाली. घरात अंधार होताच. खाली तिने सुपाएवढा पुठ्ठा आडवा धरला. जमिनीवर त्याची सावली पडली, तिच्याभोवती छकुलीकडून खडूची रेघ मारून घेतली. मग तिने पुठ्ठा तिरका केला. सावली आक्रसली. आणखी तिरका, आणखी आक्रसली. "पाऊस बॅटरीसारखा वरून येतोय," ती म्हणाली. "पुठ्ठा तेवढाच आहे. पण त्याने अडवलेला पाऊस सावलीएवढाच." दादा म्हणाला, "म्हणजे चौऱ्याऐंशीच." वारा असला तर काय, हे थोरल्या जुळीने विचारलं आणि ताईने बंड्याला माळ्यावर दोन हात बाजूला सरकायला सांगितलं. सावली पुन्हा बदलली. यावर पुढे वेगळी नोंद करायला हवी.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. ८४ गुणिले ११८: ९,९१२ लिटर. एका दिवसात मोठा टँकरभर पाणी आमच्या छपरावरून वाहून ओढ्याला गेलं. याच जिल्ह्यात मे महिन्यात कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात. कौलं थोडं पितात, थोडं उडतं, म्हणून शेकडा ऐंशी धरायचं ठरलं. तरी जवळजवळ आठ हजार लिटर.

रात्री मोजून पाहिलं. आज दिवसभरात धाकट्या चौघांना जे काही शिकवलं गेलं, त्यातलं मी शिकवलेलं जवळपास काही नव्हतं. मोठ्या कुटुंबातल्या घरशाळेची म्हणून एक बढाई असते, थोरली मुलं धाकट्यांना शिकवतात आणि शिकवता शिकवता स्वतः पक्की होतात. खरं आहे ते. मीही पाहुण्यांना हेच सांगते. पण दादाला शिकवताना मी फार कमी पाहिलंय. तो पाच मिनिटं समजावतो आणि मोटरपाशी निघून जातो, कुणी त्याला काही म्हणत नाही. हाक नेहमी ताईलाच जाते.

शुक्रवार, ११ जुलै

वाचन: ३९. बंड्या भागाकार टाळायला म्हणून पोटदुखीने आजारी. नाश्त्याला घावन आहेत कळल्यावर बरा झाला.

ओढा उतरला आणि अकराच्या सुमाराला गावातल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी आले, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत तक्ता. शाळाबाह्य मुलांची नोंद. ते दरवर्षी येतात, दरवर्षी चहा घेतात आणि दरवर्षी आमची सहा ते चौदा वयाची मुलं कोणत्या रकान्यात टाकायची हा प्रश्न पडतो. तक्त्यात कामाला जाणारी, स्थलांतरित, कधीच दाखल न झालेली असे रकाने असतात. घरी शिकणारी असा रकाना नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या दहाव्या कलमाने मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलंय, पण न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरशाळेचा तर शब्दही नाही. आम्ही त्या मोकळ्या जागेत राहतो. गुरुजींनी याबद्दल आम्हाला कधी धाक घातलेला नाही.

त्यांनी बाटल्या पाहिल्या, वही पाहिली. दोन्ही रकाने वाचून आईंना म्हणाले, "मावशी, सुनांचा पाऊस कितपत लागतो, मलाही कळवा." बंड्याला सव्वादोनाचं कारण विचारलं, त्याने कागद आणून दाखवला. गुरुजींनी त्या कागदाचा फोटो काढला, शाळेत करून घेतो म्हणाले. मग चहा पिता पिता, अगदी सहज, "वहिनी, यंदा पट अकरा आहे. तुमची चार आली असती तर पंधरा झाला असता."

घरशाळेवरचे सगळे आक्षेप मला पाठ आहेत. मित्र कसे मिळणार, दहावीचं काय, स्पर्धेत कसे टिकणार. यांची उत्तरंही पाठ आहेत. दादा यंदा ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून दहावीला बसतोय. वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत, विषय किमान पाच, पास व्हायला ३३ टक्के, पाच वर्षांत नऊ संधी, माध्यम मराठी. राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्मही आहेच. हे सांगितलं की पाहुणे गप्प होतात. पण पटाचं उत्तर माझ्याकडे नाही. कोकणातल्या वाड्या मुंबईला रिकाम्या झाल्या, पट उतरले, आणि कमी पटाच्या शाळेवर बंद होण्याची कायम टांगती तलवार. आमची मुलं घरी उत्तम शिकतात, त्याच वेळी वाडीतल्या बाकीच्या अकरांची शाळा आमच्यामुळे चार मुलांनी लहान आहे. दोन्ही खरं.

मी काही बोलायच्या आत ताईने विचारलं, "गुरुजी, आत्ता हायस्कूलला गेलं तर आठवीत घेतात? का पहिलीपासून?"

घरात कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. गुरुजींनी कप खाली ठेवला. "वयाप्रमाणे वर्ग मिळतो. कायद्यातच आहे, चौथं कलम. तेरा पूर्ण ना? आठवीच." वयाचा दाखला नसला तरी प्रवेश अडत नाही, असंही म्हणाले. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुजी निघताना बंड्याने त्यांना एक रिकामी बाटली दिली, शाळेत लावायला. खडे आणि सिमेंट भरून, शून्याची रेघ मारून. तिसरं केंद्र.

शनिवार, १२ जुलै

वाचन: २२.

पन्हळ बसवला. पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन अर्धगोल केले, ओटीच्या बाजूच्या पागोळ्यांखाली तारेने बांधले, खाली दोनशे लिटरचा निळा पिंप. पाइप चिरताना भावोजींनी दादाला ग्राइंडर दिला आणि आम्ही दोघी जावा देवाचं नाव घेत उभ्या राहिलो. पहिल्या सरीचं पाणी पिंपात जाऊ द्यायचं नाही. कौलांवरचं शेवाळ, पालापाचोळा, वटवाघळांची घाण त्यात येते. त्यासाठी पिंपाआधी एक आडवी नळी काढून तिला बूच लावलं. सर सुरू झाली की बूच काढायचं, पाणी नितळ दिसलं की लावायचं. हे काम छकुलीचं. ती पहिल्यापासून दारात बसून आभाळाकडे बघतेय.

पिंप भरायला किती पाऊस लागेल, यावर पैज लागली होती. बंड्या म्हणाला शंभर मिलिमीटर. जुळ्यांनी गणित केलं: एका उताराचे ४२ चौरस मीटर, दोनशे भागिले बेचाळीस, पाच मिलिमीटरही नाही. गळती धरून सहा. कुणाचा विश्वास बसेना. दुपारची सर आली, अर्ध्या तासात पिंप भरून वाहायला लागला, आणि बंड्याने बाटली पाहिली: ती जेमतेम बोटाच्या पेराच्या अर्ध्यापर्यंत आली होती. भावोजी पिंपाकडे बघून म्हणाले, "याला टाकी लागेल." जाऊबाई म्हणाल्या, "टाकीला पैसे लागतील." प्रकल्पाचा पुढचा टप्पा तिथेच थांबला.

दादाने मुक्त विद्यालयाच्या अभ्यासाचे राहिलेले स्वाध्याय पूर्ण केले. त्यांना वीस टक्के वजन असतं, म्हणून मी मागे लागते. विज्ञानाच्या उत्तराला त्याने छपराचं उदाहरण दिलं. ते तपासणाऱ्यांना आवडेल की नाही, देव जाणे.

रात्री मुलं झोपल्यावर ताईला माळ्यावर भेटले. ती वाचत होती. मी विचारलं, घरी नको झालंय का? "तसं नाही, काकू," म्हणाली. "मला गणिताच्या तासाला एकदा नुसतं बसायचंय. कुणी मला हाक न मारता." मी म्हटलं, तेवढंच असेल तर आपण घरीच तुला वेळ काढून देऊ. त्यावर ती म्हणाली, "देता तुम्ही. मग छकुलीचं काहीतरी अडतं."

रविवार, १३ जुलै

वाचन: ९. आजी: "तरणा दमला." आठवड्याची बेरीज, पहिला अर्धवट दिवस धरून, ३०७. सगळ्या छपराचं झालं पंचवीस हजार लिटरच्या वर, गळती वजा न करता.

हे रविवारी घरी असतात, म्हणून घरातल्या सगळ्या बैठका रविवारी. वालाची उसळ, भात, आणि ताईचा विषय. आईंचं मत, पोरगी विचारतेय तर पाठवा, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. भावोजींना एसटीची काळजी. पावसात गाडी वेळेवर नसते, ओढा भरला की दोन दिवस जाणंच नाही. ह्यांना वाटत होतं, वर्षभर थांबावं. जाऊबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझी मुलगी आहे. उद्या मी तिला घेऊन देवरुखला जाऊन येते." मग कुणी काही बोललं नाही.

माझं मत मला कुणी विचारलं नाही, पण वही माझी आहे. ताई गेली तर आमची घरशाळा लंगडी होईल आणि ती लंगडी व्हायलाच हवी. तेरा वर्षांच्या मुलीच्या जीवावर जी चालत होती ती आम्ही चालवत होतो असं कसं म्हणायचं?

धाकट्या चौघांचं काय, हा प्रश्न पटाच्या संदर्भात दादानेच काढला. जुळ्यांना विचारलं, त्यांना जायचं नाही. बंड्याला शाळेतली बाटली रोज वाचायला जायचंय, बाकी शाळा नको. गुरुजींना विचारून पाहू, दुपारची खिचडी न खाता नुसतं मोजायला कुणी येऊ देतं का.

तक्ता पुन्हा आखला, या आठवड्यासाठी:

छकुलीचं वाचन मी घेणार, भाकऱ्यांच्या आधी, म्हणजे पावणेसहाला उठणं आलं. बंड्याचा भागाकार दादाकडे, रोज अर्धा तास, मोटरला हात लावायच्या आधी. त्याने तोंड वाकडं केलं, पण सही केली. जुळ्यांचं अपूर्णांकांचं प्रकरण भावोजींकडे, खताच्या पिशव्यांवरून. पावकी-निमकी आजीकडेच. शेंडेफळ ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे. सकाळी साडेआठचं पावसाचं मोजमाप धाकट्या जुळीकडे, बुचाचं काम छकुलीकडे.

ताईच्या नावापुढचा रकाना उद्या संध्याकाळी भरायचा. देवरुखहून येताना चौकटीच्या वह्या, एम-सील आणि साबुदाणा आणायचा आहे.